पाठ, अनुवाद आणि परंपरा: उमर महंमद दाऊदपोता यांचे विद्याकार्य

१

वाङ्मयेतिहासात ग्रंथकर्त्याला प्रकरण मिळते, अनुवादकाला परिच्छेद मिळतो आणि संपादकाच्या वाट्याला बहुधा तळटीप येते. ही वाटणी अन्यायाची आहे एवढेच म्हणून भागणार नाही. ती वस्तुस्थितीलाही धरून नाही. आपण ज्याला ‘मूळ ग्रंथ’ म्हणून वाचतो तो आपल्या हाती येण्यापूर्वी कोणीतरी अनेक पोथ्यांतून निवडलेला असतो, आणि पुष्कळदा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येताना त्याचे रूप पालटलेले असते. ज्ञानेश्वरी घेतली तरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेले शुद्धीकरण आणि राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत ह्यांना वगळून तिच्याविषयी बोलता येत नाही. असे असून संपादन व अनुवाद ह्यांना आपण समीक्षेच्या दाराबाहेर उभे करतो.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एका सिंधी पंडिताचे कार्य मला विशेष उपयुक्त वाटते. उमर महंमद दाऊदपोता (१८९६–१९५८) हे सिंधी, अरबी व फारसी ह्या तिन्ही भाषांचे अभ्यासक, संपादक आणि अनुवादक होते. सिंधच्या विद्याजगतात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मराठी वाचकाला मात्र ते अपरिचित आहे. आणि ह्यात नवल असे की, त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे मुंबईत गेली आणि त्यांचे काही महत्त्वाचे ग्रंथ मुंबई-पुण्यातच प्रसिद्ध झाले. तरीही प्रस्तुत लेखाचा हेतू विस्मृत व्यक्तीचा गौरव करणे हा नाही. दाऊदपोता यांनी हाताळलेला जवळजवळ प्रत्येक ग्रंथ दुसऱ्या भाषेच्या वेष्टनात गुंडाळलेला, किंवा दुसऱ्या भाषेतून आल्याचा दावा करणारा होता. अशा ग्रंथांपुढे विद्वानाने काय करावे, किती विश्वास ठेवावा आणि कोठे थांबावे, हा त्यांच्या कार्यातून निघणारा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्यांना पूर्णपणे सापडले असे मला वाटत नाही. पण तो प्रश्न ज्या स्वच्छ रूपात त्यांच्या ग्रंथांत उभा राहतो, तसा तो फार थोड्यांच्या कार्यात दिसतो.

२

त्यांचे चरित्र थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. सिंधमधील तल्टी ह्या खेड्यात एका गरीब कुटुंबात २५ मार्च १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. कराचीच्या सिंध मदरसत-उल्-इस्लाममधून ते १९१७ साली मॅट्रिक झाले आणि पुढे तेथील डी. जे. सिंध कॉलेजात शिकले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. त्यामुळे कराचीचे हे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, आणि पुण्याच्या व कराचीच्या विद्यार्थ्यांवर पदवीचा शिक्का एकच उमटत असे. एम्.ए. झाल्यावर सरकारी शिष्यवृत्ती मिळून ते केंब्रिजला गेले व १९२७ साली पीएच्.डी. होऊन परतले. तीन वर्षे सिंध मदरशाचे प्राचार्यपद सांभाळल्यावर १९३० साली ते मुंबईस आले. जोगेश्वरीच्या टेकडीवर त्याच वर्षी सुरू झालेल्या इस्माईल यूसुफ कॉलेजात त्यांनी १९३९ पर्यंत अरबीचे अध्यापन केले. नंतर सिंध प्रांताच्या शिक्षणखात्याचे संचालक म्हणून ते कराचीला गेले. ‘शम्स-उल्-उलमा’ ही विद्वानांना दिली जाणारी पदवी त्यांना मिळाली होती. २२ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. शाह अब्दुल लतीफ ह्या महाकवीच्या भिटशाह येथील समाधिस्थळाजवळ त्यांचे दफन झाले आहे.

ह्या चरित्रात आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती १९३० ते १९३९ ही मुंबईची नऊ वर्षे. पुढच्या अकरा वर्षांत शाळा, शिक्षक व अहवाल ह्यांत बुडालेला हा माणूस ह्या काळात मात्र सतत ग्रंथांत होता. ह्याच काळात, १ एप्रिल १९३६ रोजी, सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला. म्हणजे मुंबईत राहून ते ज्या प्रांताचा इतिहास संपादित करीत होते, तो प्रांत त्यांच्या डोळ्यांदेखत राज्यकारभाराच्या दृष्टीने परका होत होता. विद्याव्यवहार मात्र ती सीमा मानीत नव्हता.

३

केंब्रिजला लिहिलेला त्यांचा प्रबंध फारसी कवितेच्या विकासावर अरबी कवितेचा काय परिणाम झाला ह्या विषयावर असून तो १९३४ साली मुंबईत छापला गेला. अरबी कसीद्याची रचना, छंद, प्रतिमा आणि कल्पना फारसी कवींनी कशा आत्मसात केल्या, हे त्यात दोन्ही भाषांतील समांतर स्थळे समोरासमोर ठेवून दाखविले आहे. दोन्ही भाषांवर सारखे प्रभुत्व असल्यावाचून हे काम होण्यासारखे नव्हते.

तथापि ‘प्रभाव’ ह्या संकल्पनेची मर्यादाही ह्या ग्रंथात दृष्टोत्पत्तीस येते. समांतर स्थळांची यादी देवघेवीची नोंद करते. घेतलेल्या वस्तूचे घेणाऱ्याच्या घरात काय झाले, हे ती सांगत नाही. अकराव्या शतकातील मनूचिहरी हा फारसी कवी अरबी कसीद्यात आकंठ बुडालेला होता हे खरे. पण वाळवंटातल्या उजाड मुक्कामावर उभे राहून शोक करण्याचा अरबी संकेत बागबगीचे, द्राक्षे आणि वसंतोत्सव ह्यांच्या कवितेत शिरतो, तेव्हा तो संकेतच वेगळा होतो. ह्या रूपांतराचा शोध प्रबंधात उतरला पाहिजे होता तितका उतरलेला नाही. केशवसुतांवरील इंग्रजी कवितेचा प्रभाव मोजताना आपल्याकडील समीक्षाही पुष्कळ काळ ह्याच खातेवहीत अडकून पडली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा दोष एकट्या दाऊदपोता यांच्या माथी मारता येणार नाही.

ह्या प्रबंधापेक्षा मला अधिक अर्थपूर्ण वाटते ते १९३२ साली मुंबईच्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेले त्यांचे अनुवादकार्य. दहाव्या शतकातील हमजा अल्-इस्फहानी ह्याने राजवंशांचा कालानुक्रम सांगणारा इतिहास अरबीत लिहिला होता. त्याचा लॅटिन अनुवाद युरोपात एकोणिसाव्या शतकातच झालेला होता. दाऊदपोता यांनी त्याला इंग्रजी रूप दिले. सासानी राजांच्या वंशावळीमुळे पारशी विद्वानांना ह्या ग्रंथाचे अगत्य होते. एका मुसलमान सिंधी पंडिताने इराणी इतिहासकाराचा अरबी ग्रंथ इंग्रजीत आणावा आणि तो मुंबईतल्या पारशी संस्थेने छापावा, ही त्या काळच्या मुंबईच्या विद्याजीवनाची सहज घडलेली गोष्ट होती.

ह्या ग्रंथात एक मार्मिक स्थळ आहे. प्राचीन इराणच्या राजांची बखर, जिला खुदायनामा म्हणतात, ती पहलवीतून अरबीत अनेकांनी आणली होती. मूसा अल्-किस्रवी नावाच्या अभ्यासकाने ह्या अनुवादांच्या प्रती एकत्र करून ताडून पाहिल्या, तेव्हा त्याला आढळले की दोन प्रतींचाही एकमेकींशी मेळ बसत नाही. एका भाषेतून दुसरीत जाताना राजांची नावे, वर्षे आणि क्रम ह्यांत घोटाळे झाले होते. हमजाने हा अनुभव आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. अनुवाद हा साक्षीदार आहे, पण त्याची उलटतपासणी झाल्यावाचून त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, हे तत्त्व एक हजार वर्षांपूर्वी असे स्पष्ट मांडले गेले होते. दाऊदपोता यांनी ते स्वतःच्या हाताने इंग्रजीत उतरविले. पुढील विवेचनात हे स्थळ आपल्याला पुन्हा लागणार आहे.

४

हमजानंतर ते सिंधच्या इतिहासाकडे वळले. मीर महंमद मासूम बखरी हा अकबराच्या पदरी असलेला सरदार आणि कवी होता. सिंधवर चालून गेलेल्या खानखानान अब्दुर्रहीम यांच्या, म्हणजे हिंदी दोह्यांच्या रहीम यांच्या, मोहिमेत तो सामील होता. त्याने १६०० च्या सुमारास लिहिलेला सिंधचा इतिहास ‘तारीख-इ-मासूमी’ म्हणून ओळखला जातो. ह्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद कॅप्टन मॅलेट याने केला होता व तो १८५५ साली मुंबईत छापला गेला. पण मूळ फारसी पाठ शास्त्रशुद्ध रीतीने मुद्रित झालेला नव्हता. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे अभ्यासक अनुवाद वाचीत होते आणि मूळ पोथ्या कपाटात होत्या. दाऊदपोता यांनी सिद्ध केलेला पाठ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९३८ साली प्रसिद्ध केला.

स्थळ आणि काळ दोन्ही लक्षात घेण्यासारखे आहेत. ह्याच संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होते. त्यांचे आदिपर्व १९३३ साली पुरे झाले होते. संपादकाने आपल्या रुचीला पटणारा पाठ न निवडता पोथ्यांच्या साक्षीने सिद्ध होणारा पाठ द्यावा आणि नाकारलेले पाठभेद वाचकापुढे ठेवावेत, ही शिस्त त्या वास्तूत मुरलेली होती. संस्कृत महाकाव्याला लावलेला हा न्याय फारसी बखरीलाही लागू पडतो, हे तिच्या प्रकाशनाने दाखवून दिले. सिंध मुंबईपासून तुटून दोन वर्षे झाल्यावर सिंधचा इतिहास पुण्यात छापला जातो, ह्यात कोणाला विसंगती वाटली नाही. आज आपण प्रांतवार आणि धर्मवार जी विद्यापरंपरा मांडतो, तिला हे पुस्तक गप्पपणे उत्तर देते.

फारसी पोथीचे संपादन म्हणजे काय, ह्याची कल्पना मोडी वाचणाऱ्याला चटकन येईल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि घाईने लिहिलेल्या हातात अक्षरे एकमेकांत मिसळतात. अरबी लिपीत ब, न, त, य ह्या अक्षरांचे शब्दाच्या मध्ये येणारे रूप जवळजवळ एकच असते. त्यांतील भेद केवळ बिंदूंच्या संख्येचा व जागेचा. लेखनिकाने एक बिंदू गाळला किंवा वर-खाली केला की एका गावाचे दुसरे गाव होते. फारसी वा अरबी शब्द असेल तर जाणता वाचक तो संदर्भाने सावरून घेतो. पण सिंधमधील गावाचे, जातीचे किंवा हिंदू राजाचे नाव असेल तर इराणातील वा युरोपातील पंडित निरुपाय होतो. तेथे सिंधी ज्याची मातृभाषा आहे असाच संपादक लागतो. दाऊदपोता यांचा अधिकार होता तो ह्या जागी.

५

त्यांचे सर्वांत गाजलेले संपादन ‘चचनामा’ हे होय. १९३९ साली हैदराबाद (दख्खन) येथून त्याचा फारसी पाठ ‘फतहनामा-इ-सिंध’ ह्या नावाने निघाला. सिंधच्या ब्राह्मण राजा चच ह्याचा वंश, त्याचा पुत्र दाहिर, आणि इ.स. ७१२ मधील महंमद बिन कासीमची स्वारी हा ह्या ग्रंथाचा विषय. भारताच्या मध्ययुगाविषयीचे वाद ज्या मोजक्या ग्रंथांभोवती फिरत आले आहेत त्यांतील हा एक. मिर्झा कलीचबेग यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १९०० साली कराचीत प्रसिद्ध केला होता. परंतु तो करताना त्यांच्यापुढे निश्चित असा छापील पाठ नव्हता.

आता ह्या ग्रंथाची कुळकथा पाहू. अली बिन हामिद कूफी ह्याने तो हिजरी ६१३ मध्ये, म्हणजे १२१६ च्या सुमारास, उच येथे फारसीत लिहिला. सिंधमधील एका काझीच्या घराण्यात आपल्याला अरबी ग्रंथ सापडला व त्याचा हा फारसी अनुवाद होय, असे तो सांगतो. तो अरबी ग्रंथ मात्र कोणीही पाहिलेला नाही. वर्णिलेल्या घटना आणि लेखन ह्यांत पाचशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर एका हरवलेल्या मूळ ग्रंथाच्या नावाने भरून काढलेले आहे.

संपादक म्हणून दाऊदपोता यांनी येथे केलेले काम मोलाचे आहे. बौद्ध श्रमणांसाठी येणारा ‘समनी’ हा शब्द घ्या, किंवा देवल बंदराचे ‘देबल’ हे रूप घ्या. भारतीय शब्द अरबी लिपीतून फारसी लेखनिकांच्या हाती गेल्यावर त्यांचे काय होते आणि ते परत कसे ओळखावेत, ह्याची जाण असल्यावाचून हा पाठ सिद्ध होण्यासारखा नव्हता. ग्रंथाला ‘फतहनामा’ हे नाव देण्यातही त्याचा वाङ्मयप्रकार ओळखण्याची दृष्टी दिसते.

परंतु समीक्षकाने प्रश्न विचारावयाचा तो येथेच. ज्याने सात वर्षांपूर्वी किस्रवीचा अनुभव इंग्रजीत आणला, त्याने कूफीच्या दाव्याची तशीच झडती का घेतली नाही? मूळ अरबी ग्रंथ होता हे परंपरेने गृहीत धरले होते आणि दाऊदपोता यांनीही ते गृहीतकृत्य मोडले नाही. पाठाचा प्रत्येक बिंदू तपासणाऱ्या संपादकाने ग्रंथाच्या स्वरूपाविषयीचे सर्वांत मोठे विधान लेखकाच्या शब्दावर सोडून दिले. २०१६ साली मनन अहमद आसिफ यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात असे प्रतिपादन केले की चचनामा हा अनुवाद नव्हेच. तेराव्या शतकातील उचच्या राजकीय परिस्थितीतून निर्माण झालेली ती स्वतंत्र फारसी रचना आहे, आणि अनुवादाचा दावा हा तिला प्रामाण्य मिळवून देणारा संकेत आहे. हे मत सर्वांना मान्य होईल असे नाही. पण ते मान्य केले तर स्वारीचा समकालीन वृत्तान्त म्हणून ह्या ग्रंथावर रचलेले दोन्ही बाजूंचे पुष्कळसे इमले ढासळतात. पराक्रमाच्या अभिमानाचे ढासळतात आणि पराभवाच्या दुःखाचेही.

म्हणून दाऊदपोता यांच्या कार्याचे मूल्य कमी होते का? मला तसे वाटत नाही. शंका घेण्यासाठीही आधी पाठ लागतो. दोनतीन अविश्वसनीय पोथ्या आणि एक सैल अनुवाद एवढ्यावर ही चर्चा उभीच राहू शकली नसती. नंतरच्या वादाला पायाखाली जमीन मिळाली ती त्यांच्या आवृत्तीने. पाठनिश्चिती आणि ग्रंथचिकित्सा ही दोन वेगळी कामे आहेत; पहिले निर्दोष झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही, हा धडा मात्र आपण घेतला पाहिजे. महानुभावांनी ह्या बाबतीत अधिक प्रांजळपणा दाखविला असे म्हणावे लागेल. लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाल्यावर स्मरणाने त्याची पुनर्रचना झाली, आणि वेगवेगळ्या पाठांची परंपरा संप्रदायानेच सांभाळली. हरवलेल्या मूळ ग्रंथाच्या नावाने तेथे एकच प्रत पुढे केली गेली नाही.

६

इतिहासग्रंथांच्या ह्या संपादकाचे मन रमत असे ते सिंधी संतकाव्यात. बुलडीचे शाह करीम (१५३६–१६२३) हे शाह लतीफ यांचे पूर्वज. त्यांची सिंधी पदे स्वतंत्र वहीत आलेली नाहीत. त्यांच्या शिष्यपरंपरेतील महंमद रझा ह्याने १६३० साली ‘बयान-उल्-आरिफीन’ ह्या फारसी गद्यग्रंथात गुरूंची वचने सांगताना ती मध्येमध्ये उद्धृत केली. दाऊदपोता यांनी १९३७ साली ह्या पदांचे संपादन केले. चालुक्यांच्या संस्कृत ‘मानसोल्लासा’त मराठीचे काही चरण शिल्लक राहिले, त्याचीच ही सिंधी आवृत्ती होय. लोकभाषेची कविता राजभाषेच्या किंवा शास्त्रभाषेच्या कुपीत टिकून राहते, पण त्या कुपीचा आकारही तिला येतो. फारसी लेखनिक सिंधीतले ग, ज, ड, ब ह्यांचे अंतःश्वासी उच्चार कसे लिहिणार? त्यांसाठी वेगळी अक्षरे असलेली बावन्न वर्णांची लिपी १८५३ साली ठरली. तोपर्यंतची प्रत्येक पोथी म्हणजे सिंधी उच्चारांचा एक प्रकारचा लिप्यंतरित अनुवादच होता. लोणवारीचे ख्वाजा महंमद जमान यांची सिंधी पदे आणि त्यांवर अब्दुर्रहीम गिरहोडी यांनी अरबीत लिहिलेले भाष्य दाऊदपोता यांनी प्रकाशात आणले, तेथेही हीच स्थिती होती: कविता एका भाषेत, अर्थ दुसऱ्या भाषेत.

बयान-उल्-आरिफीनमध्ये शाह करीम यांच्या तोंडी काझी कादन (मृत्यू १५५१) ह्या आणखी जुन्या कवीची सात पदे आली आहेत. व्याकरणाच्या पोथ्या ज्यांच्या त्यांना लखलाभ असोत, आपल्याला प्रियकराचे दर्शन पुरे, असा ह्या कवीचा भाव आहे. पोथ्यांना हसणारी ही कविता पोथ्या जपणाऱ्यांमुळेच टिकली. पुढे हिरो ठाकूर यांना हरियाणातील दादूपंथीयांच्या नागरी पोथीत ह्या सूफी कवीची शंभराहून अधिक पदे सापडली आणि १९७८ साली ती प्रसिद्ध झाली. फारसी कुपीत सात पदे आणि नागरी पोथीत शंभर: सिंधी कवितेचा ठेवा कोणत्या एका लिपीचा किंवा पंथाचा नाही, ह्याला आणखी पुरावा कशाला हवा?

येथे दाऊदपोता यांचे गुरू होतचंद मूलचंद गुरबक्षाणी यांच्याशी तुलना अपरिहार्य आहे. गुरबक्षाणींनी शाह लतीफ यांच्या रिसाल्याचे संपादन हाती घेऊन त्याचे तीन खंड १९२३, १९२४ व १९३१ साली काढले. चौथा निघालाच नाही. त्यांची प्रस्तावना हा सिंधी समीक्षेतील मानदंड मानला जातो. पण संपादक म्हणून त्यांचा भर रसिकतेवर होता. शाहला न शोभणारी वाटलेली पदे त्यांनी बाजूला काढली आणि शब्दांची रूपे व्युत्पत्तीला धरून सुधारली. रसिक संपादक ग्रंथ सुंदर करतो. पण त्याची रुची चुकली तर ती चूक वाचकाला कळण्याचा मार्गच उरत नाही. दाऊदपोता यांच्या आवृत्त्यांत ती मोहिनी नाही. त्यांत वाचकाला पोथीपर्यंत परत जाण्याची वाट मात्र आहे. ह्या दोन वृत्तींत निवड करावयाची झाली तर मी दुसरी निवडीन, जरी वाचताना आनंद पहिलीने अधिक दिला असला तरी.

७

गुरबक्षाणी फेब्रुवारी १९४७ मध्ये वारले. सहा महिन्यांनी फाळणी झाली. सिंधी हिंदूंचा मोठा भाग उल्हासनगर, मुंबई, पुण्यापासून रायपूरपर्यंत विखुरला आणि सिंधी विद्वत्तेची एक शाखा महाराष्ट्रात रुजली. कल्याण आडवाणी यांनी संपादित केलेला संपूर्ण रिसालो १९५८ साली मुंबईत प्रसिद्ध झाला; त्याच वर्षी तिकडे दाऊदपोता यांचे निधन झाले. सिंधीला साहित्य अकादेमीने १९५७ साली मान्यता दिली आणि १९६७ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मात्र ह्या मान्यतांनी दाऊदपोता यांच्यासारख्याचे स्थान निश्चित होत नाही. ते सिंधीचे, पण सीमेपलीकडचे. ग्रंथ मुंबई-पुण्याचे, पण भाषा फारसी-अरबी. कोणत्याही एका वाङ्मयेतिहासाच्या रकान्यात ते पुरते मावत नाहीत.

ही अडचण त्यांची नसून रकान्यांची आहे. ज्या भिलाईत मी राहतो तेथे पोलादाच्या कारखान्यामुळे देशातल्या बहुतेक भाषा शेजारच्या घरातून कानांवर पडतात; सिंधीही पडते. पण शेजारच्या भाषेतले ऐकणे आणि तिच्यातले वाचणे ह्यांत जे अंतर आहे ते कोणत्याही वसाहतीने आपोआप भरून येत नाही. ते भरून काढणारी माणसे म्हणजे अनुवादक आणि संपादक. मराठीत शेख महंमद श्रीगोंदेकर यांच्यासारख्या सूफी संतकवीला आपण आपला मानतो. मग शाह करीमांच्या पदांचा मूळ सिंधीवरून केलेला, पाठभेदांची दखल घेणारा मराठी अनुवाद आपल्याकडे असावा ही अपेक्षा गैर नाही.

असा अनुवाद करणाऱ्याला दाऊदपोता यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्या लागतील. पाठ निश्चित झाल्यावाचून अर्थाविषयी बोलू नये, ही एक. ती त्यांनी आचरून दाखविली. दुसरी गोष्ट त्यांनी हमजाच्या शब्दांत सांगितली, पण स्वतः पुरती पाळली नाही: ग्रंथ स्वतःविषयी जे सांगतो तेही पाठाइतक्याच कठोरपणे तपासले पाहिजे. गुरूची शिस्त घेऊन त्याने मोकळा सोडलेला प्रश्न पुढे नेणे हेच परंपरेचे काम होय, आणि त्या अर्थाने दाऊदपोता यांचे कार्य अद्याप चालू आहे.